जागलीचे मचाण: चढताना, उतरताना आणि डोळा लागल्यावर पडू नये म्हणून

तापीथडी (चोपडा) | ९ नोव्हेंबर

सर्वांना नमस्कार. सातपुड्याच्या पायथ्याशी आमची साडेसहा एकर शेती आहे. तीन बाजूंना शेजाऱ्यांची शेते, चौथ्या बाजूला नाला आणि नाल्यापलीकडे लगेच जंगलाचा चढ, अशी जागा असल्यामुळे हरभरा फुलावर आला की रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचे येणे सुरू होते, आणि घाटे भरून सोंगणी होईपर्यंत घरातल्या कोणाला ना कोणाला रोज जागलीला, म्हणजे रात्रभर पिकाची राखण करायला, जावे लागते. बांधावरच्या जुन्या बाभळीवर वडिलांच्या काळापासून मचाण आहे. त्याची उंची जमिनीपासून साधारण बारा फूट भरते.

गेल्या पौषात माझा चुलतभाऊ पहाटे पाचच्या सुमारास त्या मचाणावरून उतरताना पडला. त्याच्या डाव्या टाचेचे हाड मोडले आणि कमरेच्या मणक्याला चीर गेली. चार महिने तो अंथरुणावर होता, आणि आजही काठीशिवाय बांध ओलांडता येत नाही. त्या रात्री जे घडले ते मी अनेकदा त्याच्या तोंडून ऐकले आहे, आणि त्यातली एक गोष्ट मनातून जात नाही. झोप लागली तर पडू नये म्हणून त्याने बैलाचे दावे कमरेला बांधून ते खोडाला अडकवले होते. रात्रभर तो बांधलेला होता. पहाटे खाली येण्यासाठी त्याने स्वतःच्या हाताने ते दावे सोडले, खांद्यावर घोंगडी टाकली, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात डबा घेतला, आणि दुसऱ्याच पायरीवर ती पायरी त्याच्या पायाखालून निघून गेली. म्हणजे सर्वांत सुरक्षित वेळी तो बांधलेला होता आणि सर्वांत धोक्याच्या वेळी मोकळा होता.

दुसऱ्या दिवशी मी ती पायरी हातात घेऊन पाहिली. मनगटाएवढा बाभळीचा दांडका होता, वरून साल अगदी धडधाकट दिसत होती, आणि नखाने साल उचकटली तर आत नुसता पिठासारखा भुसा होता. त्यावर दव पडून साल बुळबुळीत झालेली होती.

यंदा मचाण नव्याने बांधायचे आहे. ज्यांना उंचीवर बसण्याचा किंवा उंचीवर काम करण्याचा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. हा धागा आमच्याइतकाच इतर गावांतील जागल्यांच्याही उपयोगी पडावा, अशी इच्छा आहे.

गिरणाकाठ (भडगाव) | ९ नोव्हेंबर

आपल्या भावाबद्दल वाचून वाईट वाटले. एक शंका आधीच दूर झालेली बरी. मचाण म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे शिकार येते. हा धागा तशा कशासाठी नाही ना?

तापीथडी (चोपडा) | ९ नोव्हेंबर

मुळीच नाही. आमच्या मचाणावर बॅटरी, पत्र्याचा डबा, गोफण आणि आवाज एवढीच सामग्री असते.

सातपुड्याची_पायवाट (यावल) | १० नोव्हेंबर

शंका योग्यच होती, म्हणून नेमके लिहितो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार चितळ, सांबर, भेकर, काळवीट यांची शिकार हा गुन्हा आहे, मग ती झाडावरून करा की जमिनीवरून. पिकांचे नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकरांबाबत वन विभागाकडे रीतसर अर्ज करण्याची तरतूद आहे, परंतु परवानगी नसताना त्यांनाही मारता येत नाही. नुकसान झाले तर लगेच वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा आणि भरपाई मागावी. राखण करणे हा मात्र शेतकऱ्याचा पूर्ण अधिकार आहे.

आता मचाणाविषयी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर प्राण्यांची नोंद घेण्यासाठी यावल अभयारण्यात मी काही वर्षे मचाणावर बसलो आहे. तेथे रात्रभर खाली न उतरण्याचा नियम फार कडक असतो. पहिल्या वर्षी मला वाटले की तो केवळ प्राणी बिथरू नयेत म्हणून आहे. दुसऱ्या वर्षी समजले की त्यात माणसाचाही जीव वाचतो, कारण अंधारात अर्धवट झोपेत उतरणे हेच सर्वांत वाईट. माणसे रात्री मुख्यतः लघवीसाठी उतरतात. हे उघडपणे कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो: रुंद तोंडाची झाकणाची बाटली वर ठेवावी आणि संध्याकाळनंतर चहा बेताने घ्यावा. एवढ्याने रात्रीच्या दोन खेपा वाचतात.

दुसरे असे की मचाणामुळे डुक्कर आणि रोही यांच्यापासून संरक्षण मिळते, बिबट्यापासून नाही. बिबट्या झाडावर सहज चढतो. त्याचा वावर असलेल्या भागात एकट्याने बसू नये, आणि उतरण्यापूर्वी बॅटरीचा झोत खोडाभोवती, बांधावर आणि झुडपांत सावकाश फिरवून मगच पाय खाली टाकावा.

अमळनेरकर_विस्कॉन्सिन | १० नोव्हेंबर

मी मूळचा अमळनेरचा, आता बारा वर्षे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात आहे. येथे हरणांची शिकार कायदेशीर आहे. परवाना घ्यावा लागतो, आणि बंदुकीने शिकार करण्याचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धात नऊ दिवसांचा असतो. बहुतेक शिकारी झाडाला लावलेल्या पंधरा ते वीस फुटांवरच्या बैठकीत बसतात. तिला येथे ट्री-स्टँड म्हणतात. मी स्वतः शिकार करत नाही, परंतु माझे शेजारी करतात आणि बैठका लावण्या-काढण्यासाठी दरवर्षी मला सोबत नेतात. तापीथडी, आपल्या भावाची हकीकत वाचताना मला त्यांचेच शब्द आठवले. बसलेला माणूस क्वचित पडतो, असे ते नेहमी सांगतात. माणूस चढताना पडतो, उतरताना पडतो, आणि शिडीवरून बैठकीवर पाय टाकतो त्या एका पावलात पडतो.

म्हणून येथे दोन गोष्टींवर फार भर असतो. पहिली गोष्ट म्हणजे तीन ठिकाणचा आधार: दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम शिडीला धरलेले असले पाहिजेत आणि एका वेळी एकच हलला पाहिजे. साहजिकच हातात काहीही धरून चढता-उतरता येत नाही. बंदूकसुद्धा पूर्ण रिकामी करून जमिनीवर ठेवतात, स्वतः वर जाऊन बसतात, आणि मग दोरीने ती वर ओढून घेतात. उतरताना आधी सामान दोरीने खाली सोडायचे आणि मग माणसाने उतरायचे. आपल्याकडे बंदुकीचा प्रश्नच नाही, पण घोंगडी, डबा, कोयता, पाण्याची बाटली यांना हाच नियम लावता येईल. दहा रुपयांची पिशवी आणि वीस फूट दोरी एवढाच खर्च आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पाय जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा जमिनीला लागेपर्यंत बांधलेले राहणे. झाडाला वरपासून खालपर्यंत एक जाड दोर सोडलेला असतो. त्यावर बारीक दोरीच्या फासाची एक सरकती गाठ असते, तिला प्रुसिक म्हणतात, आणि शिकाऱ्याच्या अंगावरचा पट्टा त्या गाठीला जोडलेला असतो. चढताना ती गाठ हाताने वर सरकवत न्यायची. गाठीवर अचानक वजन आले की ती दोराला आवळून बसते आणि सरकत नाही.

आणखी एक लक्षात राहिलेली गोष्ट सांगतो. शेजारी हंगाम संपला की सर्व पट्टे झाडावरून काढून घरात ठेवतात. एकदा वर्षभर झाडावर राहिलेला पट्टा त्यांनी मला दाखवला होता. उन्हाने त्याचा रंग उडाला होता, खार एके ठिकाणी कुरतडून गेली होती, आणि खोड जाड झाल्यामुळे तो मांसात रुतावा तसा सालीत रुतला होता.

दोर_आणि_कडी (भुसावळ) | ११ नोव्हेंबर

मी बावीस वर्षे चिमण्या, टाक्या आणि पत्र्याच्या छपरांवर काम करणाऱ्या माणसांच्या सुरक्षेचे काम पाहतो. अमळनेरकरांनी मुद्दा बरोबर मांडला आहे. मी त्यात काही बारकावे घालतो, कारण येथे अर्धवट माहिती जीवघेणी ठरते.

बारा फूट म्हणजे काही फार नाही, असे साइटवर रोज ऐकतो. बारा फुटांवरून सुटलेला माणूस जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ३० किलोमीटर असतो आणि त्याला मिळणारा वेळ एका सेकंदाहून कमी असतो. तेवढ्यात फांदी धरू, सावरू, असे काहीही होत नाही.

कमरेला दावे बांधणे आपण सर्वांनी बंद केले पाहिजे. पडणाऱ्या माणसाचा सगळा झटका त्या एका दोरीवर येतो, आणि ती दोरी पोटावर, बरगड्यांखाली सरकते. आतडी, प्लीहा, यकृत यांना इजा होऊ शकते, आणि माणूस दुमडून लटकला तर त्याला श्वासही घेता येत नाही. घ्यायचा तर खांदे, छाती आणि दोन्ही मांड्या यांवरून जाणारा पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट घ्यावा, ज्यावर आयएस ३५२१ हे भारतीय मानक छापलेले असेल. मांडीचे पट्टे ढिले ठेवू नयेत. हात सरळ ठेवून पंजा जाईल, पण मूठ जाणार नाही, इतके ते घट्ट असावेत.

पट्टा कोठे अडकवायचा, यात बहुतेक जण चुकतात. मचाणाच्या बल्लीला कधीही अडकवू नये, कारण मचाणच कोसळले तर ते आपल्याला सोबत घेऊन जाईल. जिवंत खोडाभोवती, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्याही वर, वेगळा पट्टा गुंडाळावा आणि त्याला जोडून घ्यावे. जोडदोरी इतकी आखूड असावी की बसल्यावर ती जवळजवळ ताणलेली राहील. म्हणजे माणूस घसरला तरी फूटभरातच थांबेल.

येथे एक इशारा देतो. बाजारात बेल्टबरोबर सहा फुटांची जोडदोरी मिळते आणि तिला झटका शोषणारी घडी असते, जी वजन आल्यावर फाटत लांब होते. ती उंच इमारतीसाठी आहे. सहा फूट दोरी, फाटणाऱ्या घडीचे आणखी साडेतीन फूट किंवा अधिक, आणि बेल्टच्या पाठीवरील कडीपासून तळपायापर्यंत माणसाचे पाच फूट अशी बेरीज करून पाहा. जोडदोरीचा हुक बैठकीच्या पातळीला अडकवलेला असेल तर बारा फुटांच्या मचाणावरून माणूस आधी जमिनीवर आदळेल आणि दोरी नंतर ताणली जाईल. अंगावर बेल्ट असूनही असे मृत्यू होतात.

सरकत्या गाठीसाठी मुख्य दोर ११ मिलिमीटरचा, गिर्यारोहणाच्या किंवा सुरक्षेच्या दुकानातला घ्यावा, आणि गाठीची दोरी त्याहून स्पष्टपणे बारीक, सहा ते आठ मिलिमीटरची असावी. दोन्ही सारख्याच जाडीच्या असतील तर गाठ नीट आवळत नाही. गोठ्यातले चऱ्हाट किंवा केळीचे घड बांधण्याची नायलॉनची दोरी या कामाला वापरू नये.

साक्रीचा_जुना_जागल्या | ११ नोव्हेंबर

माझे वय अडुसष्ट आहे आणि चाळीस वर्षे मी भुईमूग आणि मक्याची जागल केली आहे. नातवाकडून हे लिहून घेत आहे. आम्ही कधी पट्टा बांधला नाही. झाड ओळखता आले तर निम्मे संकट टळते, आणि तुम्ही सर्व जण पट्ट्यावर बोलत आहात, झाडावर कोणी बोललेले नाही.

आजोबा म्हणायचे, "पहिले झाडले ईचार, मंग चढ." झाडाला विचारायचे म्हणजे कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने बुंध्यावर आणि फांदीच्या बेचक्यावर ठोकून पाहायचे. भरीव झाडाचा आवाज बद्द येतो, पोकळ झाड ढोलासारखे बोलते. बुंध्याशी अळंबी उगवलेली असेल, वाळवीची माती चढलेली असेल किंवा मुंग्यांची रांग एखाद्या भेगेत आत जात असेल, तर ते झाड सोडून द्यायचे. अंजन, चिंच आणि जुना लिंब यांच्यावर मी निर्धास्त बसलो आहे. सालई, पांगारा आणि शेवगा यांच्यावर कधी बसलो नाही, आणि जांभळाची हिरवी फांदीसुद्धा अचानक कडकन मोडते, हे खेड्यातील प्रत्येक पोराला ठाऊक असते. ओला बांबू वापरू नये. तो वाळला की आक्रसतो आणि त्यावरची बांधणी आपोआप ढिली पडते. वाळलेल्या बांबूच्या खाली पिवळी भुकटी पडलेली दिसली तर त्याला भुंगा लागलेला असतो. तो चुलीत घालावा.

पट्ट्याबद्दल माझी एकच अडचण आहे. आग्या मोहोळ उठले तर बांधलेल्या माणसाने काय करावे? मी ते एकदा भोगले आहे.

दोर_आणि_कडी (भुसावळ) | ११ नोव्हेंबर

आबा, आपण झाडाबद्दल जे लिहिले ते माझ्या साऱ्या लिखाणाच्या आधी यायला हवे होते. झाडच कच्चे असेल तर त्याला बांधलेल्या पट्ट्याचा काय उपयोग?

मोहोळाचा प्रश्न खरा आहे आणि त्याचे पूर्ण समाधान माझ्यापाशी नाही. मचाण बांधण्यापूर्वी आणि नंतर दर आठवड्याला दिवसाउजेडी ते झाड आणि आजूबाजूची झाडे पाहावीत, आणि मोहोळ दिसले तर जागा बदलावी. झाडाखाली धुराची शेकोटी करू नये. शिडीवर असताना सरकत्या गाठीला जोडलेला माणूस गाठ मुठीत धरून खाली नेत उतरू शकतो, त्याला पट्टा सोडावा लागत नाही. मात्र हे दिवसा दहा-वीस वेळा करून हाताला सवय झालेली असली पाहिजे. गोंधळलेल्या माणसाने बारा फुटांवरून उडी मारण्यापेक्षा ते निश्चित बरे.

हाडवैद्यक (शिरपूर) | १२ नोव्हेंबर

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. सोंगणीच्या हंगामात झाडावरून, माळ्यावरून किंवा बैलगाडीवरून पडलेले रुग्ण येतात, त्या अनुभवातून लिहितो.

तापीथडी यांच्या भावाला टाच आणि कमरेचा मणका अशा दोन्ही ठिकाणी इजा झाली, हा योगायोग नाही. माणूस पायांवर पडतो तेव्हा झटका टाचेतून वर चढत कण्यात जातो. टाचेच्या वेदना इतक्या तीव्र असतात की रुग्ण पाठीबद्दल बोलतच नाही, आणि नातेवाईक त्याला काखेत हात घालून उभे करतात. तसे कृपया करू नका. उंचावरून पडलेल्या प्रत्येक माणसाचा कणा मोडला आहे असेच सुरुवातीला समजावे. तो श्वास घेत असेल आणि जागेवर दुसरा धोका नसेल तर त्याला हलवू नये, मान सरळ व स्थिर धरावी, अंगावर घोंगडी टाकावी आणि १०८ ला फोन करावा. उचलणे भागच पडले तर दार किंवा फळी आणून, चार माणसांनी डोके, धड आणि पाय एका रेषेत ठेवून त्याला एकदम कुशीवर वळवावे आणि फळी खाली सरकवावी. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांतील काहींचे पाय घरून निघताना हलत होते आणि माझ्याकडे पोहोचेपर्यंत हलेनासे झाले होते.

पट्ट्याने वाचलेल्या माणसालाही एक धोका असतो. पट्ट्यात निश्चल लटकून राहिले तर रक्त पायांत साठते, मेंदूकडे कमी जाते, आणि काही मिनिटांतच भोवळ येऊ शकते. म्हणून पट्ट्यालाच एक दोरीचा फास बांधून ठेवावा. लटकल्यावर त्यात पाय घालून उभे राहता येते आणि मांड्यांवरचा दाब सुटतो. तोवर पाय सतत हलवत राहावे. सोडवून खाली घेतल्यावर त्याला आडवे झोपवावे. अर्थात सोडवायला कोणीतरी आले पाहिजे, म्हणून मोबाईल पिशवीत न ठेवता शर्टाच्या बंद खिशात ठेवावा, आणि घरी कोणत्या वेळी फोन करणार हे ठरवून जावे.

शहाद्याची_लेक | १२ नोव्हेंबर

डॉक्टरसाहेब, वाचून अंगावर काटा आला. माझे यजमान आणि दीर आळीपाळीने जागलीला जातात. हा पट्टा साधारण केवढ्याला पडतो, आणि दोघांना मिळून एक चालेल का? माझा दहा वर्षांचा मुलगाही हट्टाने सोबत जातो.

दोर_आणि_कडी (भुसावळ) | १२ नोव्हेंबर

ताई, साधा, मानकाचा शिक्का असलेला पट्टा दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतो, म्हणजे डीएपी खताच्या एका गोणीपेक्षा थोडा महाग. आळीपाळीने जात असतील तर एक चालेल, परंतु प्रत्येकाने आपल्या अंगाप्रमाणे तो दरवेळी आवळून घ्यावा. एकदा झटका बसलेला पट्टा दिसायला कितीही चांगला असला तरी पुन्हा वापरू नये. मोठ्यांचा पट्टा मुलाला बसत नाही, तो त्यातून निसटेल. मुलाला वर नेऊ नये, हेच माझे स्पष्ट मत आहे.

गिरणाकाठ (भडगाव) | १३ नोव्हेंबर

दोन गोष्टी राहिल्या आहेत. फाल्गुन-चैत्रात आपल्याकडे अचानक वादळ आणि गारा येतात. ढग गडगडू लागले की पीक जाईल ते जाऊ द्यावे आणि झाड सोडावे. विजेची पूर्वसूचना देणारे दामिनी हे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे आहे, ते मोबाईलमध्ये ठेवावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. काही ठिकाणी डुकरांसाठी बांधावर तारेत थेट वीज सोडतात. ते बेकायदा आहे, आणि अंधारात मचाणावरून उतरून बांधाने चालत जाणारा माणूस त्यात जातो. सौर झटका यंत्र वेगळे, त्यात क्षणभराचा ठोका येतो. शेजाऱ्याच्या बांधावर नेमके काय आहे, हे जागलीला जाण्यापूर्वी दिवसाउजेडी विचारून घ्यावे.

तापीथडी (चोपडा) | २३ नोव्हेंबर

सर्वांचे मनापासून आभार. काम पूर्ण झाले आहे, म्हणून कळवतो.

आबांच्या सांगण्याप्रमाणे बाभूळ ठोकून पाहिली. बेचक्यापाशी ती पोकळ बोलली, तेव्हा वडिलांच्या काळातले ते मचाण उतरवून टाकले आणि चाळीस पावलांवरच्या लिंबावर नवे बांधले. उंची मुद्दाम नऊ फूट ठेवली, कारण बॅटरीचा झोत तेवढ्यावरूनही शेताच्या टोकापर्यंत जातो. खोडाला पायऱ्या ठोकल्या नाहीत. वाळलेल्या बांबूची वेगळी शिडी केली, तिचे पाय खोडापासून सव्वादोन फुटांवर जमिनीत पुरले, वरचे टोक दोन ठिकाणी बांधले आणि ते बैठकीच्या वर तीन फूट जाऊ दिले, म्हणजे पाय बैठकीवर टाकताना हाताला धरायला काही राहते. पायऱ्यांना जुन्या सायकलच्या ट्यूबचे वेढे दिले आहेत, त्यावर दवातही पाय घसरत नाही. सामानाची पिशवी कप्पीवरून वर जाते. ऐंशी किलो वाळू भरलेले पोते वरच्या पट्ट्याला अडकवून दोन दिवस लटकत ठेवले. पट्टा जागचा हलला नाही.

भाऊ काल पहिल्यांदाच शेतात आला. काठी टेकत लिंबाखाली उभा राहिला, वर चढला नाही, आम्हीही आग्रह केला नाही. त्याने मला चढ-उतर करायला लावली आणि तो खालून पाहत राहिला. चौथ्या वेळी म्हणाला, दोर शिडीच्या उजव्या अंगाला आहे, पण उतरताना तू उजव्या हाताने शिडी धरतोस आणि गाठ सरकवण्यासाठी डावा हात पोटावरून आडवा नेतोस, तेव्हा तुझे अंग फिरते. मी स्वतः खाली उतरून पाहिले तर खरेच तसे होत होते. संध्याकाळी दोर शिडीच्या डाव्या बाजूला घेतला.